संताला ओव्हरटेक करू नये

क्लब चालवायला माणसं लागतात, हे मला ठाऊक होतं. स्पोर्ट्‌स कारचा क्लब चालवायला स्पोर्ट्‌स कार लागते, ही गोष्ट मात्र आमच्या सांता रुफिना गावात कुणी फारशी मनावर घेतली नव्हती.

मी क्लबचा अध्यक्ष. माझी गाडी लाल, इटालियन, दोन माणसांची. ती चालते. उतारावर तर फारच सुंदर चालते. आता आमचा सगळा मुलूखच इतका सपाट आहे की उतार शोधायला शेजारच्या प्रांतात जावं लागतं, हा काही गाडीचा दोष नव्हे. सेक्रेटरी रागियो मास्तर शाळेत भूगोल शिकवतात. त्यांची गाडी अस्सल इंग्लिश आहे, फक्त ती एका जागी नाही. इंजिन गॅरेजात, सांगाडा मेहुण्याच्या गोठ्यात आणि स्टिअरिंग दिवाणखान्याच्या भिंतीवर. कधीही विचारा, मास्तर सांगतात, "जोडणी चालू आहे." त्यांच्या मुलीच्या बारशाला जोडणी चालू होती, परवा त्या मुलीचं लग्न झालं. खजिनदार कासिमिरो हा गावचा खाटीक. त्याची चार दारांची घरगुती गाडी, पण तिच्यावर पुढून मागपर्यंत त्याने दोन जाड काळे पट्टे रंगवून घेतले आहेत. पट्टे आले की गाडी स्पोर्ट्‌स होते, असं त्याचं मत. निखाऱ्यावर मांस भाजण्यात त्याच्या तोडीचा माणूस तालुक्यात नसल्यामुळे या मताला सभेत आजवर कुणी विरोध केलेला नाही.

गावात खरोखर चालणारी स्पोर्ट्‌स कार एकच, आणि ती क्लबात नव्हती. दोन्या अमांदा या सत्तरी ओलांडलेल्या विधवा बाईंची ती हिरवी, उघड्या टपाची गाडी. नवऱ्याने हौसेने घेतलेली. बाई तिच्यातून अंडी विकायला नेतात. मी त्यांना सभासद व्हा म्हणून गळ घालायला गेलो, तेव्हा त्या कोंबड्यांना दाणे टाकत होत्या.

"मला कशाला हवाय क्लब, डॉक्टर?" त्या म्हणाल्या. "माझी गाडी चालू होते की."

मी दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर माझ्यासमोर माणसं तोंड उघडून बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. अध्यक्षपद स्वीकारताना माझी अशी कल्पना होती की सभाही साधारण अशाच होतात.

असो. मुद्दा वखारीचा आहे.

स्टेशनामागे नगरपालिकेची एक जुनी लोकरीची वखार आहे. रेल्वे गावात थांबेनाशी झाल्यापासून तिथे कबुतरं राहायची आणि कबुतरांखाली आमचा क्लब. त्या वखारीवर बोचास मंडळाचा डोळा होता. बोचास म्हणजे मातीच्या पट्टीवर जड गोळे टाकायचे, आणि कुणाचा गोळा छोट्या गोळ्याच्या जास्त जवळ गेला यावर अंधार पडेपर्यंत भांडायचं. गावातले सगळे निवृत्त पुरुष हेच करतात. त्यांच्या पट्टीवर छप्पर नाही. त्यांचे अध्यक्ष आन्सेल्मो हे माझे सासरे.

दर रविवारी आम्ही त्यांच्याकडे सारण भरलेल्या रॅव्हिओली खायला जातो. तिथे वखारीचा विषय रश्श्याच्या आधी वाढला जायचा.

"जावईबापू, तुमच्या गाड्या त्या वखारीत करतात तरी काय?"

"उभ्या असतात."

"मग बाहेर उभं राहायला काय होतं त्यांना?"

"पाऊस लागतो. पत्रा गंजतो."

"आम्हालाही पाऊस लागतो. आणि आमचा पत्रा तुमच्या गाडीपेक्षा जुना आहे."

"बाबा, त्यांना जेवू द्या ना," माझी बायको नेलिदा म्हणायची.

"मी कुठे हात धरलाय? घ्या हो जावईबापू, अजून चार घ्या. इथे तरी छप्पर आहे."

शेवटी प्रकरण नगराध्यक्षांकडे गेलं. निवडणूक जवळ आलेली. त्यांना मोटारवालेही दुखवायचे नव्हते आणि म्हातारेही. त्यांनी तोडगा काढला. गावाच्या वर्धापनदिनी क्लबने एखादा देखणा कार्यक्रम करावा. तो नीट पार पडला तर वखार कायमची क्लबची. नाही पडला तर बोचासची. मी खुशीत हस्तांदोलन करायला उठलो, एवढ्यात सासऱ्यांनी बोट वर केलं.

"एक बारीकशी अट घाला, साहेब. चौकातून निघालेली प्रत्येक गाडी जेवणाच्या आधी वखारीत पोचली पाहिजे. आणि ट्रॅक्टरने ओढून आणलेली मोजायची नाही."

सगळे हसले. आमच्या मागच्या दोन्ही सहलींत क्लबपेक्षा ट्रॅक्टरवाल्याचंच जास्त नाव झालं होतं.

कार्यक्रम देखणा व्हावा म्हणून मी शेजारच्या व्हिला ओम्बूच्या क्लबला आमंत्रण दिलं. त्यांच्याकडे चकचकीत गाड्यांची रांग आहे आणि अध्यक्ष एक इंजिनियर आहेत, जे उन्हाळ्यातही गळ्यात रेशमी रुमाल बांधतात. रागियो मास्तरांच्या सूचनेवरून ठरलं की नियमिततेची शर्यत घ्यायची. आमच्याकडे ही जुन्या गाड्यांची फार आवडती शर्यत आहे. तीत जोरात जायचं नसतं. ठरवून दिलेल्या वेगाने जायचं आणि ठरलेल्या क्षणी पोचायचं. उशीर झाला तर गुण कापतात, लवकर पोचलात तरी कापतात.

"म्हणजे जोरात धावणाऱ्या गाड्या गोळा करायच्या आणि त्यांना हळू चालायला लावायचं," सासऱ्यांनी खात्री करून घेतली.

"बरोबर."

"आणि लोक आम्हाला म्हातारे म्हणतात."

शेजाऱ्यांचा सल्ला सुरू झाला. न्हाव्याने माझी दाढी अर्धी ठेवून सांगितलं की मार्ग स्मशानावरून नेऊ नका, तिथे गाड्या बंद पडतात. मी म्हणालो, माझी कुठेही पडते. औषधवाल्याचं मत पडलं की दुपारच्या झोपेच्या वेळी सायलेन्सर वाजला तर गाव आम्हाला माफ करणार नाही. कासिमिरोने मात्र कसलाही सल्ला न देता लाकडं आणून वखारीच्या अंगणात रचली. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम आधी निखाऱ्यांपासून ठरतो. बाकीचं नंतर बसवतात.

आता परवानगी. नगरपालिकेत या खिडकीवर कुमारी ओतिलिया बसतात. त्यांनी चष्मा लावून नियम काढला.

"रस्त्यावर शर्यतीला बंदी आहे, डॉक्टर."

"ही शर्यत नाही. हिच्यात कुणी जोरात जात नाही."

"मग काय करतात?"

"एकामागून एक, ठरलेल्या चालीने जातात."

"म्हणजे मिरवणूक. असं सांगा ना. मिरवणुकीला परवानगी आहे." त्यांनी दुसरा कागद ओढला. "संत कोणता?"

"संत कशाला?"

"संत नसेल तर तो मोर्चा होतो. मोर्चाला पोलीस लागतात, आणि रविवारी आपला पोलीस आईकडे जातो."

मी दात उपटतो तेव्हा रोग्याला बधिर करण्याची सोय असते. खिडकीच्या बाहेर उभं राहणाऱ्यासाठी अशी काही सोय नाही. मी म्हणालो, सान क्रिस्तोबाल लिहा. तो वाहनचालकांचा संत आहे. त्यांनी लिहिलं. मग म्हणाल्या, मिरवणूक फक्त भक्तमंडळाला काढता येते, तेव्हा क्लबचं नाव ‘सान क्रिस्तोबाल मोटार भक्तमंडळ’ असं टाकते.

"आणि अध्यक्ष?" मी जरा ताठ होत विचारलं. "माझं पूर्ण नाव सांगू का?"

"भक्तमंडळाचा अध्यक्ष संतच असतो. तुम्हाला उपाध्यक्ष करते."

एका दिवसापुरतं तर आहे, असं मनाशी म्हणून मी सही केली. नेलिदाला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मी त्या रात्रीचं जेवण मौन पाळून केलं. तिच्या ते लक्षात आलं नाही.

आमचे फादर बेनिग्नो मात्र हरखून गेले. त्यांचा सान क्रिस्तोबाल कित्येक वर्षं बाहेर पडला नव्हता. लाकडी मूर्ती, खांद्यावर नदीपार न्यायचं बाळ, हातात ही लांब काठी. "माझ्या गाडीच्या टपावर बांधून घेऊ," ते म्हणाले. "फक्त एक पथ्य. मिरवणुकीत संताच्या पुढे कुणी जायचं नाही."

"कोण कशाला जाईल, फादर?" मी म्हणालो. तेव्हा मला हे माहीत नव्हतं की फादरांना गाडीचा पहिलाच गिअर येतो.

आता राहिल्या दोन्या अमांदा. त्यांची गाडी चौकात उभी असावी एवढीच माझी इच्छा होती. त्या म्हणाल्या, "मी रांगेत येणार नाही. धूळ खायची मला सवय नाही. मी गाडी घेऊन पुलावर बसते. कोण कधी गेलं ते बघते." अशा रीतीने आमची सगळ्यात उत्तम स्पोर्ट्‌स कार वेळनोंदीची चौकी झाली.

वर्धापनदिन उजाडला. हवा अशी की कुणालाही यश मिळावं. व्हिला ओम्बूच्या गाड्या चौकात उभ्या राहिल्या तेव्हा गावातल्या पोरीबाळी आरशांत बघून केस नीट करू लागल्या. आमच्या बाजूने माझी लाल, कासिमिरोची पट्ट्यांची, आणि भिंतीवरून काढलेलं स्टिअरिंग हातात धरून मास्तर, कासिमिरोच्या शेजारी. माझ्या शेजारी नेलिदा, गळ्यात घड्याळ. गाडी सुरू करायला बोचास मंडळाचे चौघे कामी आले. सासऱ्यांनी हात लावला नाही. ते नुसते सावलीत उभे होते आणि माझ्या गाडीकडे, आजारी म्हशीकडे खरेदीदार बघतो, तसं बघत होते.

"बाबांनी सकाळपासून छपराची मापं घेतलीत," नेलिदा हळूच म्हणाली.

फादरांनी तीर्थ शिंपडलं. मग संत निघाला. आणि तेव्हा मला दिसलं की संताची गाडी आणि आमच्या गाड्या यांच्यामध्ये जपमाळा घेतलेल्या बायका आहेत. मिरवणुकीत त्या संतामागे पायी चालतात. आमच्याकडे असंच असतं आणि यात मला आश्चर्य वाटायचं काहीच कारण नव्हतं. पण मी शर्यत आखली होती. तेव्हा शर्यतीचा वेग आता गावातली सगळ्यात वयस्कर बाई ठरवत होती, आणि तिचा गुडघा दुखत होता.

"किती कमी पडतोय आपला वेग?" मी विचारलं.

"घड्याळ पर्समध्ये ठेवलंय मी," नेलिदा म्हणाली. "त्याला तरी लाज वाटू नये."

गावाबाहेर पडेपर्यंत इंजिनियरसाहेबांच्या गाडीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. या गाड्या वारा कापत जायला बांधलेल्या. चालत जायला लावलं की त्यांचं डोकं तापतं. इंजिनियरसाहेबांचंही तापलं. त्यांनी रुमाल आवळला, गाडी शेताच्या कडेला घातली आणि सरळ संताला मागे टाकून पुढे गेले.

बायकांचं गाणं थांबलं. फादरांनी मान वळवली नाही की हॉर्न दिला नाही. पुढच्या वळणावर इंजिनियरसाहेबांची गाडी कालव्याच्या चिखलात पुढच्या दोन्ही चाकांनी बसलेली होती. तिथे नेहमीच चिखल असतो, असं मी नंतर पुष्कळांना सांगून पाहिलं. पण हे संताचंच काम, यावर गावात दुसरं मत नाही.

"ढकलू का?" कासिमिरोने विचारलं.

"आधी त्याला माफी मागू दे," गुडघेवाली म्हातारी म्हणाली.

इंजिनियरसाहेबांनी रुमाल काढून, चिखलात उभं राहून, गाडीच्या टपावरल्या मूर्तीची माफी मागितली. मग आम्ही ढकललं.

पूल आला. पुलावर हिरवी गाडी, गाडीत दोन्या अमांदा, मांडीवर गरम पाण्याचा थर्मास आणि हातात माते. हा आमचा कडू हिरवा चहा. एकच भोपळ्याचं भांडं, एकच नळी; एकाने प्यायचं, भांडं परत द्यायचं, मग दुसऱ्याला भरून मिळतं. आणि दिलेला माते नाकारणं म्हणजे तोंडावर दार लावणं. चौकीवर प्रत्येक गाडी क्षणभर थांबणार, मग माणूस तहानलेला तसाच कसा पाठवायचा, असा बाईंचा विचार. मी नियमावलीत सगळं लिहिलं होतं. पाहुणचाराला मनाई करायची मात्र मला सुचलीच नाही. आणि सुचली असती तरी लिहायची हिंमत माझ्यात नव्हती.

फादरांनी दोनदा घेतला. मग बायकांनी, एकेकीने. मग एकेक गाडी पुढे येत गेली.

"दोन्या अमांदा, आम्ही वेळेच्या फार मागे आहोत," मी म्हणालो.

"मग आता घाई कशाला?" त्यांनी भांडं माझ्या हातात दिलं. "नीट ओढा. अर्धा टाकू नका."

पुलावर ओळीने सगळ्यांचे रेडिएटर उकळले. वाफेत कुणाला कुणी दिसेना. आणि त्या वाफेतून फादर चालत आले. त्यांचा क्लच गेला होता. पहिल्या गिअरनेही त्यांची साथ सोडली होती.

आता अडचण बघा. संत पुढे नसेल तर आम्ही पुढे जाऊ शकत नाही, कारण संताच्या पुढे कुणी जायचं नाही. आणि इंजिनियरसाहेबांचा चिखल अजून आमच्या पायांवर वाळला नव्हता, त्यामुळे प्रयोग करायला कुणी तयार होईना. तेवढ्यात कासिमिरोने आकाशाकडे पाहिलं. देव आठवला असेल असं मला वाटलं. तो सूर्य बघत होता.

"बरगड्या निखाऱ्यावर आहेत," तो खोल आवाजात म्हणाला.

हे ऐकल्याबरोबर पुलावरचं वातावरणच बदललं. क्लच गेला तर गेला, वखार गेली तर गेली. पण कासिमिरोच्या बरगड्या वाळणं ही सबंध गावाची नामुष्की होती. दोन्या अमांदांनी थर्मासला बूच लावलं.

"संताला इकडे बसवा," त्या म्हणाल्या. "अंडी त्याच्या पायाशी ठेवा. बाळाला तेवढी दोरी बांधा. फादर, तुम्ही मागे डिकीवर बसा आणि त्याची कंबर धरा."

"बाई, जरा हळू चालवाल ना?" फादरांनी चढता चढता विचारलं.

"मला हळू चालवता येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर रांगेत आले नाही."

मग ते झालं, जे सांता रुफिनात अजून सांगितलं जातं. हिरवी गाडी एकदम गरजली आणि संत उडाला. त्याची काठी वाऱ्यात भाल्यासारखी पुढे, फादरांचा झगा मागे पताकेसारखा, आणि फादर मोठ्याने काहीतरी म्हणत होते. ती प्रार्थना होती असं आम्ही धरून चालतो. तोवर बाकीच्यांची इंजिनं निवली होती. बायकांनी मिळेल त्या गाडीत उड्या मारल्या. गुडघेवाली म्हातारी इंजिनियरसाहेबांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "दाब की रे बाबा! संत दिसेनासा होतोय!" संताला मागे टाकायचं नाही, पण त्याच्यामागे किती जोरात जायचं यावर काहीच बंधन नव्हतं. व्हिला ओम्बूच्या त्या सगळ्या झळझळीत गाड्या एका क्षणात धुळीचा लोट होऊन गेल्या. अखेर माझ्या क्लबाला वेग सापडला होता.

मी चावी फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली.

धूळ खाली बसली तेव्हा रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. मी, नेलिदा, फादरांची बंद गाडी आणि लांबवर गाई.

"बाबांची अट होती," पर्समधून घड्याळ काढत नेलिदा म्हणाली. "प्रत्येक गाडी."

"माहीत आहे मला."

"संताची गाडी शर्यतीत नव्हती, ती सोडली तर निघालेल्या सगळ्या पोचल्या असतील. आपली सोडून."

मी पुन्हा एकदा चावी फिरवली. अध्यक्षाने, निदान उपाध्यक्षाने, अशा वेळी काय बोलावं हे घटनेत दिलेलं नाही. वखार माझ्यामुळे जाणार होती. मास्तरांच्या गाडीमुळे नाही, कासिमिरोच्या पट्ट्यांमुळे नाही. माझ्या लाल, इटालियन, दोन माणसांच्या गाडीमुळे. ट्रॅक्टरवाला नेहमीच्या सवयीने शेताच्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला आणि त्याने प्रेमाने हात हलवला. मी मान फिरवली.

मग शेतातून माणसं येताना दिसली. पांढऱ्या टोप्या, पांढरे शर्ट, एका ओळीत. सबंध बोचास मंडळ. सगळ्यांच्या पुढे सासरे, कपाळावर घाम, आणि चेहरा असा की मला लग्नाच्या आधीचे दिवस आठवले.

"उतरू नका," ते म्हणाले. "स्टिअरिंग धरा."

"पण बाबा," नेलिदा म्हणाली, "गाडी पोचली तर वखार..."

"तुझा तो खाटीक सुरी हातात घेऊन बसलाय. म्हणतो, अध्यक्ष आल्याशिवाय मांस कापणार नाही. सगळं गाव ताटं घेऊन उभंय." त्यांनी बाह्या वर केल्या. "वखार पुन्हा मागता येईल. बरगडी एकदा वाळली की पुन्हा ओली होत नाही. ढकला रे!"

त्यांनी ढकललं. शेतातल्या पायवाटेने, जवळच्या रस्त्याने. मी आयुष्यात इतकी सुरळीत गाडी चालवलेली नाही. आयुष्यभर जड गोळे नेमके सोडणारी माणसं ती. वखारीच्या अंगणाच्या दाराशी त्यांनी एक शेवटचा हलका रेटा दिला आणि हात काढून घेतले. गाडी आपली आपण आत गेली आणि निखाऱ्यापासून हातभर अंतरावर थांबली. ‘वा!’ अशी दाद मिळाली. ती मला नव्हती.

कासिमिरोने सुरी लावली. बरगडीतून रस आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवल्याशिवाय कुणी घास घेत नाही. नगराध्यक्षांचे डोळे पाणावले होते. अशी मिरवणूक या गावाने पाहिली नाही, ते म्हणाले. संत इतक्या उत्साहात कधीच दिसला नव्हता. वखार कायमची दिली. मी हात पुढे केला. कुमारी ओतिलिया चष्मा लावून उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की परवानगी ज्यांच्या नावे आहे त्यांनाच ताबा देता येतो. सान क्रिस्तोबाल मोटार भक्तमंडळाला.

"म्हणजे आम्हालाच," मी म्हणालो.

"हो. तुम्ही उपाध्यक्ष."

सासऱ्यांनी हाड ताटात ठेवलं, बोटं पुसली. "भक्तमंडळात कुणालाही येता येतं ना, फादर?"

"भक्ताला नाही कसं म्हणायचं?" फादर म्हणाले. त्यांचे केस अजून मागच्या मागे उभे होते.

तर त्या दुपारी बोचास मंडळ सगळंच्या सगळं भाविक झालं. आता वखारीच्या मधोमध त्यांची मातीची पट्टी आहे, आणि अंधार पडेपर्यंत भांडण चालतं. दोन्या अमांदांच्या हिरव्या गाडीला मानाची जागा मिळाली. वर्षातून एकदा संत तीतून फिरतो आणि फादर आदल्या दिवशी हलकं जेवतात. जिथे माझी लाल गाडी असायची तिथे सान क्रिस्तोबाल उभा आहे. माझी गाडी बाहेर, ताडपत्रीखाली.

परवाच्या वार्षिक सभेत अध्यक्षांच्या कारभाराबद्दल एकही तक्रार आली नाही. माझ्या काळात पुष्कळ यायच्या. सभा संपल्यावर मी ताडपत्रीच्या दोऱ्या आवळत होतो, तेव्हा उघड्या दारातून आमचा तो लाकडी अध्यक्ष मला दिसला. जन्मभर पायी चालला बिचारा. खांद्यावर पोर घेऊन नदी ओलांडली, पण स्वतःची गाडी कधी झाली नाही. अर्थात, आमच्या क्लबात अध्यक्षाकडे चालणारी गाडी असावी, असा आग्रह कुणी कधीच धरलेला नाही.